पदवी लेकराची, मायबाप उसाच्या फडात

गावकरी मंडळी, तुमच्या गावात पदवीधर किती आहेत? दहावी-बारावी झालेले किती, हे पारावर बसलेला कुणीही सांगेल. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. किती, म्हटलं की बोटं मोजणं सुरू होतं. आणि त्यातल्या किती जणांच्या घरात पदवीचं मूळ प्रमाणपत्र आहे, असं विचारलं की गडबड होते. "मार्कमेमो आहे की," असं उत्तर येतं.

मार्कमेमो म्हणजे पदवी नव्हे. परीक्षा पास होणं ही एक गोष्ट आणि विद्यापीठानं विधिपूर्वक पदवी देणं ही दुसरी. सोयरीक ठरली म्हणजे लग्न लागलं असं होत नाही, तसंच हे. पदवी देण्याचा तो विधी म्हणजे पदवीदान समारंभ. अलीकडे त्याला दीक्षान्त समारंभ म्हणतात. बीड जिल्ह्यातली कला, वाणिज्य, विज्ञानाची कॉलेजं ज्या विद्यापीठाला जोडलेली आहेत, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. ते छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे आपल्या जुन्या औरंगाबादेत आहे. आष्टी, धारूर, परळी, कुठूनही निघा, जायचं-यायचं म्हटलं की दिवस मोडतो. त्यामुळे आपल्यापैकी फार थोड्यांनी हा समारंभ डोळ्यांनी पाहिला असेल. म्हणून आधी तो कसा असतो ते सांगतो.

मंडप किंवा सभागृह भरलेलं असतं. मिरवणूक आली की सगळे उठून उभे राहतात. पोळ्याला मानाचे बैल आधी वेशीतून जातात, तसा इथंही प्रत्येकाचा मान आणि जागा ठरलेली. पुढे विद्यापीठाचा एक अधिकारी नक्षीदार दंड घेऊन चालतो. देवाच्या पालखीपुढे चोपदार चांदीची काठी घेऊन चालतो, थेट तसाच. दंड हे मुळात युद्धातलं हत्यार, पण इथं तो विद्यापीठाच्या अधिकाराची खूण आहे. त्याच्या मागून विद्यापीठाच्या निरनिराळ्या मंडळांचे सभासद, अधिष्ठाता, कुलगुरू, प्रमुख पाहुणे आणि कुलपती येतात. राज्याच्या विद्यापीठांचे कुलपती म्हणजे राज्यपाल.

कुलपतींनी समारंभ सुरू झाल्याचं जाहीर केलं की एकेका विद्याशाखेचे अधिष्ठाता उठतात आणि आपल्या शाखेचे उमेदवार पुढे करतात. हे परीक्षेत उत्तीर्ण झाले आहेत, पदवीला पात्र आहेत, असं ते सांगतात. ते उमेदवार जागेवर उभे राहतात आणि पदवी दिल्याची घोषणा होते. पाच-दहा वाक्यांचाच कारभार, पण ती वाक्यं उच्चारल्यावरच विद्यार्थ्याचा पदवीधर होतो. मंचावर जाऊन हातात पदवी घेण्याचा मान बहुतेक ठिकाणी पीएच.डी.वाल्यांना आणि सुवर्णपदकवाल्यांना असतो. हजारोंना मंचावर बोलवायचं तर दोन दिवस पुरायचे नाहीत.

आता तो झगा. काळा किंवा रंगीत, खांद्यावर पट्टा, कुठे कुठे डोक्याला टोपी. हा आपला नव्हे. युरोपात जुन्या काळी विद्यापीठं धर्मगुरूंच्या हातात होती आणि दगडी इमारतींत थंडी फार, म्हणून तिथले मास्तर अन् विद्यार्थी लांब झगे घालत. इंग्रजांनी १८५७ साली मुंबईला विद्यापीठ काढलं तेव्हा तो रिवाज आपल्याकडे आला. मुंबई विद्यापीठाचे पहिले बी.ए. १८६२ साली बाहेर पडले. त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. मराठवाड्याच्या उन्हात हा झगा घालून दोन तास बसणं म्हणजे शिक्षाच! २०१० साली त्या वेळचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी भोपाळच्या समारंभात आपला झगा काढून ठेवला आणि ही गुलामीची खूण म्हणून नावं ठेवली. पुढे २०१९ साली विद्यापीठ अनुदान आयोगानं अशा समारंभांत हातमागाचे कपडे वापरावेत, असं विद्यापीठांना कळवलं. आता बऱ्याच ठिकाणी कुर्ता-पायजमा, साडी आणि खांद्यावर उपरणं दिसतं. माझ्या मते हे बरंच झालं. पण कपड्यावरून भांडत बसण्याइतका तो विषय मोठा नाही.

आपली परंपरा त्याहून जुनी आहे. गुरूच्या घरचं शिक्षण संपलं की शिष्याला विधिपूर्वक स्नान घालत आणि घरी परत पाठवत. त्याला समावर्तन म्हणत. पदवीधराला आपण स्नातक म्हणतो, त्याचा अर्थच मुळी हे स्नान केलेला. घरी निघालेल्या शिष्याला गुरूनं करायचा उपदेश तैत्तिरीय उपनिषदात आहे आणि दीक्षान्त भाषणांत त्याचा दाखला वारंवार दिला जातो. या जुन्या विधीत मुलगा परत जायचा तो घरी, आई-वडिलांकडे. हे लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम पडणार आहे.

आपल्या भागाला ही पदवी फुकट मिळालेली नाही. निजामाच्या राज्यात बीडच्या पोराला कॉलेज शिकायचं तर हैदराबाद गाठावं लागे. १९१८ साली निघालेलं उस्मानिया विद्यापीठ, आणि तिथं शिकवणं उर्दूतून. घरी मराठी, पदवी उर्दूत. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मोकळा झाला, १९५६ साली तो मुंबई राज्यात आला, आणि स्वतःचं विद्यापीठ मिळालं २३ ऑगस्ट १९५८ ला. पंडित नेहरूंनी त्याचं उद्घाटन केलं. पहिले कुलगुरू डोंगरकेरी हे मुंबई विद्यापीठाचा कारभार वर्षानुवर्षं पाहिलेले गृहस्थ होते.

त्याआधी १९५० सालीच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज औरंगाबादेत सुरू केलं होतं. मराठवाड्यातल्या दलित आणि गरीब घरांतली पहिली पदवीधर पिढी घडवण्यात त्या कॉलेजचा वाटा फार मोठा आहे. खुद्द बाबासाहेबांना १९५२ साली अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठानं आणि १९५३ साली उस्मानिया विद्यापीठानं सन्मानाची पदवी दिली. ज्या हैदराबादकडे मराठवाड्यातली पोरं पदवीसाठी डोळे लावून बसत, तिथूनच हा सन्मान झाला. मराठवाडा विद्यापीठाला त्यांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळानं २७ जुलै १९७८ ला केला. त्यावरून दंगली झाल्या, दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसं मेली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. त्यामुळे आपल्याकडे असंही घर सापडतं, जिथं बापाच्या पदवीवर नुसतं 'मराठवाडा विद्यापीठ' आहे आणि लेकीच्या पदवीवर बाबासाहेबांचं नाव आहे. शेती शिकणाऱ्यांचा कागद येतो तो परभणीहून. १९७२ साली स्थापन झालेल्या त्या कृषी विद्यापीठाला २०१३ साली वसंतराव नाईकांचं नाव दिलं. तिथंही कुलपती राज्यपालच आणि प्रतिकुलपती कृषिमंत्री.

आता मूळ दुखण्याकडे येतो. बीड हा ऊसतोड्यांचा जिल्हा. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेल्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. परत येणं कारखाना बंद झाल्यावर, म्हणजे मार्च-एप्रिलात. पाटोदा, शिरूर, आष्टी, धारूर, वडवणी, केज या भागांतल्या कित्येक गावांत त्या दिवसांत म्हातारी माणसं आणि शाळेची पोरंच काय ती मागे राहतात. कॉलेजातल्या पोरांपैकीही बरेच जण सुट्टीत फडावर जाऊन मोळ्या बांधून आलेले असतात.

आणि समारंभ कधी? तारीख दरवर्षी वेगळी असते, पण ती या हंगामात पडली की मायबापाचा प्रश्नच मिटला. विद्यापीठाचा ६२ वा समारंभ १९ नोव्हेंबर २०२२ ला झाला. त्यात शरद पवार आणि नितीन गडकरी यांना सन्माननीय डी.लिट. दिली. त्याच मंचावरून तेव्हाचे राज्यपाल छत्रपती शिवाजी महाराजांविषयी जे बोलले, त्यावरून राज्यभर गदारोळ झाला आणि पुढे कित्येक दिवस तोच विषय चालला. त्या दिवशी पदवी मिळालेल्या पोरापोरींचं कोणी नावही काढलं नाही. नोव्हेंबराच्या त्या तिसऱ्या आठवड्यात आपल्या टोळ्या कुठे होत्या, ते तुम्हाला सांगायला नको.

ज्यांच्या कोयत्यावर फी भरली, त्यांना पदवी दिसते ती पाडव्यानंतर, पेटीतून काढलेल्या कागदाच्या रूपात. कैक घरांत तीही दिसत नाही, कारण कागद आणलेलाच नसतो. पदवी'दान' हा शब्द मला त्यासाठीच खटकतो. दान कोणी दिलं? उचल फेडता फेडता आई-बापानं ती विकत घेतलेली असते.

यात बोट फक्त विद्यापीठाकडे दाखवून चालणार नाही. आता अनेक विद्यापीठांनी पदवी प्रमाणपत्रं कॉलेजांकडे पाठवून तिथंच वाटपाचा समारंभ करण्याची पद्धत धरली आहे. ही आपल्या सोयीची गोष्ट आहे. कॉलेज तालुक्याला, एस.टी.नं तासा-दीड तासावर. प्राचार्यांनी आणि संस्थाचालकांनी एवढंच करावं की हा कार्यक्रम टोळ्या परत आल्यावर घ्यावा आणि निमंत्रणपत्रिका विद्यार्थ्याच्या नावे न काढता आई-वडिलांच्या नावे काढावी. पुढाऱ्यांची भाषणं थोडी आवरली तर आणखी उत्तम.

दुसरं काम ग्रामपंचायतीचं. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत गुणवंतांचे सत्कार होतात, पण तेव्हा अर्धं गाव फडात असतं. १ मेच्या ग्रामसभेला गाव भरलेलं असतं. त्या वर्षी गावात जेवढे पदवीधर झाले, त्यांना आई-वडिलांसह बोलवा, नारळ-टॉवेल द्या आणि पदवीचा कागद आईच्या हातात देऊन सभेला दाखवा. ह्याला ना निधी लागतो ना जी.आर.

आता कागदाविषयी थोडं, कारण नुकसान होतं ते इथंच. प्रमाणपत्रासाठी मुदतीत अर्ज आणि फी भरावी लागते. निकाल लागला की कागद आपोआप घरी येईल, या भ्रमात राहू नका. अनुदान आयोगाचा २००८ सालचा नियम असा आहे की, विद्यार्थी पात्र ठरायच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत पदवी द्यावी. मधल्या काळात तात्पुरतं प्रमाणपत्र मिळतं, त्याच्यावर काही दिवस काम भागतं. पण नोकरीच्या कागदपत्र तपासणीला मूळ पदवी मागितली आणि ती कपाटातच राहिली असेल, तर पोरगं यादीत असून मागे पडतं.

कागद हातात आला की नाव वाचा. दहावीच्या सनदेवर जे आहे तेच पाहिजे, मराठीतही आणि इंग्रजीतही. काना-मात्रेची चूक तेव्हाच कॉलेजला कळवली तर दुरुस्त होते. दहा वर्षांनी तहसील, कॉलेज आणि विद्यापीठ असे हेलपाटे होतात. लॅमिनेशन करू नका. बाहेरदेशी किंवा पडताळणीला जायचं झालं तर मागच्या बाजूला शिक्के मारावे लागतात, ते प्लॅस्टिकवर बसत नाहीत. सातबारा तलाठी पुन्हा देतो, पदवीचं तसं नाही. हरवली तर पोलिसांत तक्रार, प्रतिज्ञापत्र आणि मग दुय्यम प्रतीसाठी अर्ज. डिजिलॉकरवर पदवी आली आहे का, तेही पोराला पाहायला सांगा. पेटीत उंदीर शिरतो, तिथं शिरत नाही.

ग्रामपंचायत आणि महसूलच्या मंडळींसाठी आणखी एक. विधान परिषदेच्या औरंगाबाद विभाग पदवीधर मतदारसंघात आपला जिल्हा येतो. मागचं मतदान १ डिसेंबर २०२० ला झालं. या मतदारसंघाची यादी प्रत्येक निवडणुकीला नव्यानं करतात, जुनं नाव पुढे चालत नाही. अर्ज नमुना १८ चा. ज्या वर्षी यादी होते त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरच्या आधी निदान तीन वर्षं पदवी झालेली पाहिजे आणि त्याचा पुरावा जोडावा लागतो. नोंदणी चालते नेमकी टोळ्या निघायच्या दिवसांत. पदवी घेऊनही ऊस तोडायला जाणारी पोरं आपल्याकडे आहेत, त्यांची नावं हमखास राहतात. यादीचा कार्यक्रम जाहीर झाला की गावातल्या पदवीधरांची वही काढा आणि टोळीचा ट्रॅक्टर हलायच्या आत त्यांच्याकडून अर्ज भरून घ्या.