नोकरदार प्रौढांचे ड्रोन व कृत्रिम बुद्धिमत्ता प्रशिक्षण : गावठाण मोजणीच्या अनुभवाच्या आधारे एक विवेचन

प्रस्तावना :

काम करणाऱ्या माणसाला शिकविण्याची परंपरा महाराष्ट्रास नवीन नाही. महात्मा जोतीराव फुले व सावित्रीबाई फुले यांनी 1855 मध्ये पुण्यात श्रमिक स्त्री-पुरुषांसाठी रात्रीची शाळा काढली. 1958 मध्ये केंद्रीय कामगार शिक्षण मंडळ स्थापन झाले व त्याचे मुख्यालय नागपूर येथे आले. 1989 मध्ये नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना झाली. शिकणाऱ्याचे काम न सुटता शिक्षण त्याच्यापर्यंत पोहोचावे, हे या सर्व प्रयत्नांमागील समान सूत्र होय. आज ड्रोन व कृत्रिम बुद्धिमत्ता या विषयांतील प्रशिक्षणाची मागणी वाढत असताना हेच सूत्र नव्याने तपासून पाहणे आवश्यक ठरते.

ठाणे पूर्वेकडील कोपरीचे उदाहरण घेता येईल. रेल्वेमार्ग व खाडी यांच्यामधील या वस्तीतील नोकरदार मुंबईच्या कार्यालयांत जातो किंवा रुळांपलीकडील वागळे इस्टेटमध्ये कामाला जातो. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची 1962 मध्ये स्थापना झाल्यानंतरची वागळे इस्टेट ही पहिली औद्योगिक वसाहत. तेथील अनेक कारखान्यांच्या जागी आता माहिती तंत्रज्ञान कंपन्यांची कार्यालये दिसतात. असा नोकरदार जेव्हा एखाद्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतो, तेव्हा शुल्काबरोबर आपला रविवारही देत असतो. त्या मोबदल्यात त्याला नेमके काय मिळावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रशिक्षणाची कायदेशीर चौकट :

ड्रोन नियम, 2021 नुसार ड्रोनचे वजनावरून पाच वर्ग पडतात : 250 ग्रॅमपर्यंत नॅनो, 2 किलोपर्यंत मायक्रो, 25 किलोपर्यंत लघु, 150 किलोपर्यंत मध्यम व त्यापुढे मोठे. नॅनो ड्रोन, तसेच अव्यावसायिक वापराचे मायक्रो ड्रोन वगळता इतर ड्रोन उडविण्यासाठी दूरस्थ वैमानिक प्रमाणपत्र लागते. त्यासाठी वय 18 ते 65 वर्षे, दहावी उत्तीर्ण व अधिकृत संस्थेतील प्रशिक्षण या प्रमुख अटी आहेत. वयाची मर्यादा पाहता हा मार्ग मध्यमवयीन नोकरदारासही खुला आहे. मात्र नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मान्यता नसलेल्या महाविद्यालयास हे प्रमाणपत्र देता येत नाही. महाविद्यालयाचे प्रशस्तिपत्र आणि वैमानिक प्रमाणपत्र यांतील हा भेद प्रवेशापूर्वीच विद्यार्थ्यास स्पष्ट सांगणे, हे संस्थेचे पहिले नैतिक कर्तव्य होय.

शहरी भागात आणखी एक मर्यादा येते. हवाई क्षेत्राचे हिरवे, पिवळे व लाल असे विभाग केलेले असून त्यानुसार परवानगीचे नियम बदलतात. शिवाय पोलीस आयुक्तालये वेळोवेळी ड्रोनबंदीचे आदेश काढतात. त्यामुळे दाट वस्तीत सरावाचे मैदान मिळणे सोपे नसते.

गावठाण मोजणीचा धडा :

ड्रोनमुळे कामाचे स्वरूप कसे बदलते, याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण म्हणजे गावठाणांची मोजणी. पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यातील सोनोरी या गावी असा प्रयोग प्रथम झाला. पुढे 24 एप्रिल 2020 रोजी केंद्र शासनाची स्वामित्व योजना सुरू झाली. योजना ग्रामीण भागापुरती असल्याने कोपरीसारखी शहरी वस्ती तिच्या कक्षेत येत नाही. तथापि तिची कार्यपद्धती प्रशिक्षणाच्या दृष्टीने उद्बोधक आहे.

उड्डाण व प्रतिमांवरील प्रक्रिया हे काम भारतीय सर्वेक्षण विभागाचे. परंतु उड्डाणापूर्वी प्रत्येक मिळकतीची हद्द चुन्याने आखावी लागते. तेव्हाच ती वरून दिसते. उड्डाणानंतर नकाशा गावात नेऊन जागेवर पडताळावा लागतो, हरकती ऐकाव्या लागतात आणि चौकशीअंती मिळकत पत्रिका तयार होते. ही जबाबदारी भूमि अभिलेख विभागाकडे, ग्रामपंचायतीच्या साहाय्याने. म्हणजे ड्रोन आकाशात असतो तो काळ थोडा. कामाचा मोठा भाग जमिनीवरच पार पडतो.

संगणकीय प्रणाली प्रतिमेतून घरांची छपरे ओळखते. येथेच अनुभवी भूकरमापकाचे मोल कळते. वरून दिसते ते छप्पर. मालकी ठरते ती भिंत, अंगण व बोळ यांवरून. छपराची पागोळी भिंतीच्या पुढे आलेली असते आणि पागोळीखालची वीतभर जागा कोणाची, हा गावागावांतील जुना वाद आहे. दोन घरांमधील सामाईक भिंत एकाच सलग छपराखाली झाकली गेल्यास यंत्रास ती एकच मिळकत वाटू शकते. नकाशातील अशी चूक ओळखण्यास गावाची व हद्दींची जाण लागते. ती ज्याच्याजवळ आधीच आहे, त्याला प्रतिमा वाचणे व यंत्राच्या उत्तरावर शंका घेणे शिकविले, तर त्याचे जुने ज्ञान वाया न जाता अधिक मोलाचे ठरते.

उड्डाण आणि व्यवसाय यांचे प्रमाण :

शेतीक्षेत्रातही हेच आढळते. नोव्हेंबर 2023 मध्ये मंजूर झालेल्या नमो ड्रोन दीदी योजनेत 15,000 महिला बचत गटांना ड्रोन देण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. निवडलेल्या सदस्येसाठी 15 दिवसांचे प्रशिक्षण ठरविले गेले. त्यांपैकी 5 दिवस उड्डाणाचे, तर 10 दिवस पोषकद्रव्ये व कीटकनाशके यांच्या फवारणीचे. यंत्र चालविण्याच्या दुप्पट वेळ ते कोणत्या कामासाठी चालवायचे यास दिलेला आहे. महाविद्यालयीन अभ्यासक्रमाची आखणी करताना हे प्रमाण लक्षात ठेवण्याजोगे आहे.

वेळ व खर्च कोणाचा :

प्रशिक्षण कामाच्या वेळेत की सुटीत, हा प्रश्न गौण नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1974 मध्येच सवेतन शैक्षणिक रजेविषयी 140 क्रमांकाचा करार संमत केला. भारतात 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत कामगार पुनर्कौशल्य निधीची तरतूद आहे. त्यानुसार कपात झालेल्या प्रत्येक कामगारासाठी मालकाने 15 दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम भरावयाची असून ती 45 दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हावयाची आहे. ही तरतूद स्वागतार्ह आहे. परंतु तिचा लाभ नोकरी गेल्यावर मिळतो. नोकरी टिकावी म्हणून आधीच शिकू इच्छिणाऱ्यास तिचा उपयोग नाही. शासकीय कर्मचाऱ्यांसाठी 2020 मध्ये मंजूर झालेल्या मिशन कर्मयोगीअंतर्गत ऑनलाइन अभ्यासक्रमांची सोय आहे. तेवढी व्यवस्थित सोय लहान कारखान्यातील कामगारास क्वचितच मिळते. ही पोकळी भरून काढण्यास स्थानिक महाविद्यालयांना वाव आहे.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात.

1) नोकरदार प्रौढाचा सध्याचा व्यवसाय हाच अभ्यासक्रमाचा प्रारंभबिंदू असावा. मोजणी कर्मचारी, इमारत पर्यवेक्षक व कारखान्यातील देखभाल कामगार यांना एकच पाठ्यक्रम पुरेसा नाही.

2) उड्डाणाचे प्रशिक्षण अधिकृत संस्थेकडे सोपवून महाविद्यालयाने प्रतिमावाचन, माहितीची पडताळणी, कायदा व खासगीपणाचे भान यांवर भर द्यावा.

3) यंत्राने दिलेले उत्तर कधी नाकारावे, याचा सराव प्रत्यक्ष उदाहरणांवरून करून घ्यावा.

4) प्रशिक्षणाचे काही तास तरी कामाच्या वेळेत मिळावेत, यासाठी परिसरातील उद्योगांशी करार करावेत.

पागोळीखालच्या वीतभर जागेचा निर्णय आकाशातून होत नाही. तो जागेवर उभे राहून, दोन्ही शेजाऱ्यांचे ऐकून घेऊनच करावा लागतो. नव्या साधनांनी ही जबाबदारी कमी केलेली नाही, आणि ती समर्थपणे पेलणारा माणूस घडविणे हेच अशा प्रशिक्षणाचे प्रयोजन असले पाहिजे.