स्कॉटलंडचा प्रश्न : राहावे की निघावे?

स्कॉटलंड आणि इंग्लंड यांची राज्ये १७०७ साली एक झाली. ही एकी ठेवावी की मोडावी, हा सवाल १८ सप्टेंबर २०१४ रोजी स्कॉटिश जनतेपुढे मतास आला. सोळा वर्षांच्या मुलांनाही मत होते. शेकडा ५५ जणांनी राहण्याचा कौल दिला, ४५ जणांनी निघण्याचा.

निघू पाहणारे म्हणत, आम्ही न निवडलेले सरकार आमच्यावर का? विरोधक विचारीत, नाणे कोणते चालणार, पेन्शन कोण देणार? या दुसऱ्या प्रश्नाला कोणी भ्याडपणा म्हणू नये. ज्याचे घर पगारावर चालते, त्याला ही चौकशी करावीच लागते.

२०१६ साली ब्रिटनने युरोपीय संघ सोडण्याचा कौल दिला. स्कॉटलंडात मात्र शेकडा ६२ मते राहण्याच्या बाजूने पडली. प्रश्न पुन्हा उठला. पण लंडनच्या संमतीवाचून स्कॉटिश पार्लमेंटला असे मतदान घेता येत नाही, असा निकाल ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली दिला.

खरी गोम इथे आहे. युनियनचा सभासद राजीनामा देऊ शकतो, म्हणूनच त्याच्या वर्गणीला मोल असते. तेव्हा एकी हवी असणाऱ्यांनीच बाहेर पडण्याची रीत कायद्यात स्पष्ट लिहावी.