सायकलवर दिवस, तंबूत रात्र. सोबतीला एक मित्र

दिवाळीनंतर हवेत गारवा आला, की मांडव्याच्या जेटीवर सामान बांधलेल्या सायकली उतरू लागतात. मागे दोन पिशव्या, वर गुंडाळलेला तंबू आणि बहुतेक वेळा दोघेच जण. अलिबाग, रेवदंडा, काशीद करत संध्याकाळी मुरूड, मग आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघी, पुढे दिवेआगर आणि श्रीवर्धन. हॉटेलऐवजी माळावर किंवा एखाद्या आमराईत तंबू ठोकून रात्र काढायची. ही हौस आता केवळ तरुणांची राहिलेली नाही. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेली, आठवडाभर खुर्चीत बसणारी मंडळीही त्यात आहेत, आणि हे चांगलेच आहे.

या सहलीची तयारी करताना सगळे लक्ष गिअर, ब्रेक आणि पंक्चरच्या सामानाकडे असते. औषधांच्या डबीत चिकटपट्टी आणि मलम टाकले, की तब्येतीची तयारी झाली असे वाटते. पण या प्रवासातल्या सर्वांत गंभीर धोक्यांचे एक वैशिष्ट्य आहे. ज्याच्यावर ते ओढवतात, त्याला स्वतःला ते कळत नाहीत. साखर उतरली किंवा ऊन बाधले, तर ज्या मेंदूने धोका ओळखायचा तोच गोंधळलेला असतो. मण्यार चावते, तेव्हा माणूस झोपेत असतो. म्हणून सोबतच्या मित्राने काय पाहायचे, हे निघण्यापूर्वीच ठरलेले असावे.

दोन तासांचा साठा

आपल्या स्नायूंत सुमारे ४०० ग्रॅम आणि यकृतात सुमारे १०० ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेली असते. दमदार सायकल चालवली, तर हा साठा दोन-तीन तासांत तळाला जातो. मग पाय जड होतात, हात थरथरतात आणि माणूस विनाकारण चिडतो. चढावर ‘तू पुढे हो, मी येतो’ म्हणत मागे राहणारा मित्र नेहमी थकलेलाच असतो असे नाही. त्याचे इंधन संपलेले असू शकते. भूक लागण्याची वाट न पाहता दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जावीत. एक मध्यम केळे आणि दोन-तीन खजूर खाल्ले, की हे गणित जमते. शेंगदाण्याची चिक्की आणि राजगिऱ्याचा लाडू पिशवीत टिकतातही चांगले.

मधुमेह असणाऱ्यांनी अधिक जपावे. इन्सुलिन किंवा साखर वेगाने उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर दिवसभराच्या श्रमानंतर साखर रात्री झोपेतही खाली जाऊ शकते. अशांनी मात्रेबद्दल आधीच डॉक्टरांशी बोलावे आणि ग्लुकोमीटर व ग्लुकोज कुठे ठेवले आहे ते मित्राला दाखवून ठेवावे.

घाम वाळला तरच उपयोगाचा

पायडल मारताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात, तिचा जेमतेम पाव भाग चाकाला मिळतो. उरलेल्या सगळ्याची उष्णता होते. ती बाहेर टाकण्याचे मुख्य साधन म्हणजे घाम. एक लिटर घाम अंगावर पूर्ण वाळला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. पण कोकणच्या दमट हवेत तो वाळण्याऐवजी टपटप गळतो. गळलेला घाम पाणी आणि मीठ घेऊन जातो, उष्णता मात्र अंगातच राहते.

सपाट रस्त्यावर सायकलीच्या वेगाने वारा लागतो, त्यामुळे त्रास जाणवत नाही. खरी परीक्षा चढावर होते. वेग ताशी सहा-सात किलोमीटरवर येतो, वारा थांबतो आणि श्रम मात्र सर्वाधिक असतात. म्हणून डिसेंबरातही दुपारी बारा ते साडेतीन हा वेळ सावलीत काढावा आणि मोठे चढ सकाळीच उरकावेत.

शरीराचे आतले तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाऊन वागणे-बोलणे बिघडले, की तो उष्माघात समजावा. ‘घाम येतो आहे, म्हणजे उष्माघात नाही’ हा समज चुकीचा आहे. श्रमाने होणाऱ्या उष्माघातात अंग घामाने ओले असू शकते. मित्र असंबद्ध बोलू लागला, सायकल रस्त्याच्या मध्ये नेऊ लागला किंवा ‘मला काही झालेले नाही’ म्हणून भांडू लागला, तर त्याचे ऐकू नये. त्याला सावलीत आडवे करावे, कपडे सैल करावेत, सगळ्या अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ती येईपर्यंत थंड करणे थांबवू नये. शुद्ध हरपत असेल, तर तोंडात पाणी घालू नये. पॅरासिटामॉलचा येथे उपयोग नाही.

नुसते पाणीही बाधते

यावर उपाय म्हणून काही जण तहान नसताना बाटल्यामागून बाटल्या रिचवतात. त्याने रक्तातील सोडियम पातळ होते. दक्षिण आफ्रिकेतील टिमोथी नोक्स यांनी १९८५मध्ये लांब पल्ल्याच्या स्पर्धकांतील असे रुग्ण नोंदवले, तोवर ‘जितके पाणी तितके चांगले’ असेच मानले जात होते. डोकेदुखी, मळमळ आणि गोंधळ ही लक्षणे उन्हाच्या त्रासासारखीच दिसतात. फरक ओळखायला एकच माहिती उपयोगी पडते, ती म्हणजे गड्याने सकाळपासून किती बाटल्या संपवल्या आणि लघवीला कितीदा गेला. ती सोबत्याला ठाऊक असते.

तहानेप्रमाणे पाणी प्यावे आणि घाम फार गेला असेल, तर ओआरएस घ्यावे. १९७१च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या असंख्य रुग्णांना हेच साखर-मिठाचे पाणी पाजून वाचवले होते. आतड्यात साखर आणि सोडियम जोडीने शोषले जातात आणि त्यांच्या मागोमाग पाणी येते. पाकीट नसेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ पुरते. रक्तदाबाच्या किंवा हृदयविकाराच्या रुग्णांनी मिठाबद्दल आधी डॉक्टरांना विचारावे.

तंबू कुठे ठोकावा

तंबूची जागा उजेड असतानाच निवडावी. फणसाडसारख्या अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही. इतर ठिकाणीही जागेच्या मालकाला विचारावे. तो भला माणूस जागेसोबत प्राथमिक आरोग्य केंद्र कुठे आहे आणि रात्री गाडी कोणाची मिळेल, हेही सांगतो. जांभ्या दगडाचे गडगे, लाकडांचे ढीग आणि पेंढ्याच्या उडव्या यांपासून लांब राहावे. उंदीर तेथे असतात आणि त्यांच्या मागे साप येतात. खरकटे तंबूजवळ ठेवू नये. किनाऱ्यावर भरतीच्या रेषेच्या बऱ्याच वर जागा घ्यावी. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाचे पाणी रोजच्यापेक्षा पुढे येते.

मध्यरात्रीनंतरची पोटदुखी

जमिनीवर झोपणाऱ्याला सर्वांत जपायचे ते मण्यारीपासून. ती रात्री फिरते. तिचे दात इतके बारीक, की खूण दिसेलच असे नाही. सूज नसते, वेदनाही जवळजवळ नसते. पहाटे पोटात कळ येते, घसा दुखतो, गिळायला जड जाते. ‘रात्रीचे कालवण बाधले’ म्हणून आम्लपित्ताची गोळी दिली जाते आणि मोलाचे तास वाया जातात. पुढे पापण्या मिटू लागतात, एकाचे दोन दिसतात आणि अखेर श्वासाचे स्नायू लुळे पडतात.

अशा वेळी मित्राने बॅटरीच्या उजेडात पाहावे. डोळे नीट उघडतात का? एका श्वासात वीसपर्यंत मोजता येते का? शंका आली, तरी सकाळची वाट पाहू नये. कापणे, चोखणे, घट्ट बांधणे यांपैकी काहीही न करता, शक्यतो कुशीवर झोपवून रुग्णालय गाठावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर चालणारी लस सरकारी रुग्णालयांत मोफत मिळते. श्वास थांबू लागला, तरी कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवलेले अनेक रुग्ण पूर्ण बरे होऊन घरी जातात. वेळेत पोहोचणे महत्त्वाचे.

यापेक्षा सोपा आहे तो प्रतिबंध. तंबूला तळ शिवलेला असावा आणि चेन पूर्ण ओढलेली असावी. नेपाळच्या तराई भागातील अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंश बराच कमी झाल्याचे आढळले. रात्री लघवीला उठताना बॅटरी आणि बूट हवेतच. सकाळी बूट उलटे करून झटकावेत, कारण कोकणात लाल विंचूही आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरात आणले आणि मृत्यू मोठ्या प्रमाणात टळले. २०२२मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दंशानंतर दरदरून घाम, उलटी आणि हातपाय गार पडणे ही लक्षणे असतील, तर लगेच दवाखाना गाठावा.

परतल्यानंतर

घरी आल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला, तर उघड्यावर, गवतात झोपल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. गवतातल्या बारीक किड्यांमुळे होणारा स्क्रब टायफस साध्या तापासारखाच सुरू होतो. अंगावर काळी खपली आहे का, हे तपासले तर निदान सोपे होते आणि डॉक्सिसायक्लीनने तो बरा होतो.

पन्नाशीनंतर अशा सहलीला पहिल्यांदाच निघणाऱ्याने रक्तदाब, साखर आणि गरज असल्यास हृदयाची तपासणी करून घ्यावी. महिनाभर तीस-चाळीस किलोमीटरचा सराव करावा. आणि निघण्याच्या आदल्या संध्याकाळी दोघांनी अर्धा तास बसावे. कोणाला कोणते औषध चालू आहे, कशाची अ‍ॅलर्जी आहे, रक्तगट कोणता, घरी कोणाला फोन करायचा, हे सगळे एका कागदावर लिहून दोघांनी एकमेकांचा कागद स्वतःच्या खिशात ठेवावा.