रोमन स्नानगृहांच्या जमिनीखाली

रोम शहरात आगगाडीने येणारा प्रवासी ज्या मोठ्या स्थानकावर उतरतो, त्याचे नाव तेर्मिनी. आगगाडीच्या मार्गाचे हे शेवटचे ठिकाण म्हणून हे नाव पडले असावे, असा तर्क इंग्रजी जाणणारा मनुष्य सहज करतो. पण हे नाव आगगाडीहून फार जुने आहे. स्थानकासमोरचा चौक ओलांडला की डायोक्लेशन या सम्राटाने इसवी सन २९८ ते ३०६ या काळात बांधविलेल्या स्नानगृहाच्या प्रचंड भिंती दिसू लागतात. अशा थोरल्या सार्वजनिक स्नानगृहांना लॅटिन भाषेत थेर्मे म्हणत. त्यांच्यावरून या भागाला आणि पुढे स्थानकाला तेर्मिनी हे नाव मिळाले. दररोज लाखो माणसे एका स्नानगृहाचे नाव घेऊन गाडीत चढतात आणि उतरतात. स्नानगृहात डोकावणारे मात्र त्यांत थोडेच.

डोकावणाऱ्याला तेथे एक चर्च आढळते. १५६१ साली चौथा पायस या पोपने ८६ वर्षांच्या मायकेलअँजेलोवर हे काम सोपविले, आणि त्या वृद्ध शिल्पज्ञाने थंड स्नानाच्या मुख्य दालनाचेच देवालय केले. तांबूस ग्रॅनाइटचे आठ अखंड स्तंभ मुळातलेच आहेत, फक्त जमीन उंच केल्यामुळे त्यांचे पायथे खाली गाडले गेले. रोमन छताची खरी उंची अनुभवावयाची असेल, तर याहून चांगली जागा नाही. परंतु स्नानगृह चालत कसे असे, हे या शाबूत दालनात कळत नाही. ते कळण्यासाठी जेथे छत कोसळले आहे, संगमरवर लुटला गेला आहे आणि जमीन फुटली आहे, अशा ठिकाणी जावे लागते. पडझडीचा हा एक उपकारच म्हणावा लागेल, की धन्याला जे झाकावयाचे होते तेच तिच्यामुळे उघडे पडते.

आधी स्नानाचा क्रम ध्यानात घेऊ. रोमन नागरिक सामान्यतः दुपारनंतर स्नानाला निघे. प्रवेशाचे मोल अगदी हलके, बहुधा क्वाड्रन्स म्हणजे ॲस नावाच्या नाण्याचा चौथा हिस्सा. वस्त्रे काढून कोनाड्यात ठेवावयाची, अंगाला तेल लावून अंगणात थोडा व्यायाम करावयाचा, मग कोमट दालन, त्यानंतर कढत दालन आणि शेवटी थंड पाण्याच्या कुंडात बुडी. साबणाची चाल नव्हती. तेल, घाम आणि मळ हे सारे एका वाकड्या धातूच्या पट्टीने खरवडून काढीत. आपल्या अभ्यंगस्नानाची येथे आठवण होते खरी, पण आपले अभ्यंग घरच्या न्हाणीत, आणि तेही सणावारी. यांचे रोजचे, आणि चारचौघांत. तालीम, चावडी आणि न्हाणीघर एकाच छपराखाली आणले तर जी गजबज होईल, ती तेथे रोज असे. तत्त्वज्ञ सेनेका काही काळ एका स्नानगृहाच्या वरच्या मजल्यावर राहत होता. वजने उचलणाऱ्यांचे कण्हणे, मालिश करणाऱ्याच्या हातांचे चपापा आवाज, केस उपटून घेणाऱ्याची किंकाळी आणि खाद्यपदार्थ विकणाऱ्यांच्या आरोळ्या यांचे त्याने एका पत्रात असे वर्णन केले आहे, की वाचणाऱ्याला त्याच्या तत्त्वज्ञानापेक्षा त्याच्या शेजाऱ्यांचीच ओळख अधिक पटते.

ही दालने छतासह पाहावयाची तर पॉम्पेईला जावे. इसवी सन ७९ मध्ये व्हेसूव्हियसच्या राखेखाली हे नगर गाडले गेले. तेथील बाजारचौकाजवळच्या स्नानगृहात कोमट दालनाच्या भिंतीला मातीचे भाजलेले पुरुष हात डोक्यावर घेऊन कंगोरा तोलीत उभे आहेत. मध्ये काशाची भलीमोठी शेगडी आहे. ती देणाऱ्याचे आडनाव व्हॅक्युला, म्हणजे कालवड; म्हणून शेगडीवर गाईची आकृती घालण्याची हौस त्याने भागवून घेतली. पुढच्या कढत दालनाची कमान पन्हळीदार आहे. ती शोभेसाठी आहे असे वाटते, पण वाफेचे पाणी थेंब थेंब होऊन न्हाणाऱ्याच्या पाठीवर पडू नये, पन्हळीतून भिंतीवर ओघळावे, हा तिचा हेतू. याच दालनात गार पाण्याचे एक विशाल संगमरवरी पात्र आहे. त्याच्या काठावर काशाच्या अक्षरांत दोन अधिकाऱ्यांची नावे आणि खर्च नोंदविला आहे. आपल्याकडे देवळाच्या पायरीवर देणगीदाराचे नाव कोरतात, तसेच हे. एवढेच की येथे पैसा नगराचा आणि नावे अधिकाऱ्यांची.

आता दालनाच्या जमिनीकडे वळू. शेगडीने मोठे दालन पुरेसे तापत नाही, आणि धूर होतो तो वेगळाच. यावर रोमनांनी काढलेली तोड अशी, की सबंध जमीनच अधांतरी करावयाची. या रचनेला हायपोकॉस्ट म्हणतात. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातील वास्तुशास्त्रज्ञ व्हिट्रुव्हियस याने तिची कृती सांगितली आहे. तळाची फरशी भट्टीच्या तोंडाकडे उतरती ठेवावी, इतकी की आत टाकलेला चेंडू न थांबता आपोआप भट्टीच्या तोंडाशी परत यावा. म्हणजे ज्वाला चढाने वर जाऊन सर्वत्र पसरते. त्या फरशीवर आठ इंची विटांचे दोन फूट उंचीचे ठेंगणे खांब रचावे, जोडाईच्या मातीत केस मिसळावे, खांबांच्या माथ्यावर दोन फुटी लाद्या टाकाव्या आणि त्यांवर वरची जमीन घालावी. पुढे भिंतींच्या आतूनही पोकळ खापरी नळ बसवू लागले. त्यामुळे गरम हवा पायांखालून येऊन भिंतीतून वर चढे आणि माणूस चहूबाजूंनी ऊब घेई. आपल्या घरच्या तांब्याच्या बंबात मधल्या नळीत निखारे आणि भोवती पाणी असते. रोमन स्नानगृह म्हणजे असा बंब, ज्यात पाण्याबरोबर माणसालाही उभे केले आहे. जमीन इतकी तापे, की अनवाणी चालणे कठीण. ब्रिटनमध्ये हेड्रियनच्या तटबंदीजवळ व्हिंडोलांडा येथील ठाण्यात लाकडी तळव्यांच्या खडावा सापडल्या आहेत, त्या याचसाठी.

म्हणून कोणत्याही रोमन अवशेषात, मग तो इटलीत असो, उत्तर आफ्रिकेत असो वा ब्रिटनमध्ये, विटांच्या बुटक्या खांबांचे शेतच्या शेत दिसले, की येथे कढत दालन होते असे खुशाल समजावे. वाटाडे बहुधा येथून भरभर पुढे नेतात, कारण या ठिकाणी मूर्ती नाही आणि चित्रही नाही. आपण मात्र थांबावे. भिंतीच्या बुंध्याशी एक ठेंगणी कमान शोधावी. तिच्या आसपासच्या विटा अधिक लाल, तडकलेल्या, कधी काजळलेल्या दिसतील. ते भट्टीचे तोंड. मग दालनाची दिशा पाहावी. व्हिट्रुव्हियसचा सल्ला असा, की कढत दालनांना हिवाळ्यातील मावळतीकडून उजेड घ्यावा, कारण स्नानाची वेळ दुपारपासून संध्याकाळपर्यंतची. सूर्याकडूनही फुकट मिळेल तेवढी ऊब घेण्याचा हा व्यवहार होता. हेड्रियनच्या तटबंदीवर चेस्टर्स येथे नदीकाठी असे एक लहान सैनिकी स्नानगृह आहे. कपडे काढण्याच्या जागेतील सात कोनाडे अजून तसेच्या तसे आहेत. ज्याला थोरल्या अवशेषांत वाट सापडत नाही, त्याने आधी हे लहानसे स्नानगृह पाहावे. एका फेरीत सारा क्रम पायाखालून जातो.

भट्टीचे तोंड दालनाच्या आत उघडत नसे, बाहेर उघडे. तेथे लाकडे सारणारा माणूस न्हाणाऱ्यांना दिसत नसे, आणि त्यालाही ते दिसत नसत. बहुधा तो गुलाम असे. रोममध्ये काराकाल्ला या सम्राटाचे स्नानगृह इसवी सन २१६ मध्ये खुले झाले. एका वेळी सुमारे १,६०० माणसे तेथे स्नान करीत, असे म्हणतात. वरच्या भिंती पाहून प्रवाशाची मान दुखू लागते. त्या भिंतींखाली मात्र बैलगाडी सहज जाईल एवढ्या रुंद भुयारांचे जाळे आहे. सुमारे ५० भट्ट्यांसाठी लाकूड या वाटांनी येई. दिवसाला दहा टनांच्या आसपास लाकूड जळत असावे, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. वरती मोझेकच्या जमिनी, पुतळे, ग्रंथालये आणि बागा. खाली काळोख, धूर आणि राख. ही दोन जगे एका फरशीच्या जाडीने विभागलेली होती. काराकाल्लाच्या स्नानगृहाचा उल्लेख रोमन वैभवाचा पुरावा म्हणून नेहमी होतो, आणि तो योग्यच आहे. पण जी व्यवस्था माणसांच्या दिसेनासे होण्यावर उभी होती, तिच्याकडे केवळ वरून पाहणे मला अपुरे वाटते. भुयारांचा काही भाग अलीकडे प्रवाशांसाठी खुला केला आहे; तो पाहिल्याशिवाय परतू नये.

लाकडाची चिंता किती होती, हे पोर्तुगालमधील आल्जुश्त्रेल येथे १८७६ साली सापडलेल्या एका कांस्यपटावरून दिसते. तेथे रोमन काळात खाणी होत्या, आणि खाणकामगारांच्या वस्तीतील स्नानगृह मक्त्याने दिले जाई. मक्तेदाराने काय करावे आणि काय करू नये, हे त्या पटावर कोरलेले आहे. पहाटेपासून दिवसाच्या सातव्या तासापर्यंत स्त्रियांनी, आठव्या तासापासून रात्रीच्या दुसऱ्या तासापर्यंत पुरुषांनी स्नान करावे. पुरुषांना अर्धा ॲस, स्त्रियांना एक. मुले आणि सैनिक यांना माफी. काशाची भांडी दर महिन्याला धुऊन, पुसून त्यांना ताजी चरबी लावावी. आणि जळणाचे लाकूड मक्तेदाराने विकू नये, जळणाला निरुपयोगी अशा फांद्या तेवढ्या विकाव्या. विकल्यास प्रत्येक वेळी १०० सेस्टर्स दंड. मक्तेदार आणि जळण यांचे नाते सर्व काळी सारखेच असते, असे दिसते.

जेथे भूमीच पाणी तापवून देते, तेथे हा खटाटोप कमी. इंग्लंडमधील बाथ या नगराचे नावच स्नानावरून पडले. तेथील झऱ्यातून दररोज सुमारे ११.७ लाख लिटर पाणी ४६ अंश सेल्सियसवर वर येते. रोमन लोकांनी तेथल्या स्थानिक देवीला आपल्या मिनर्व्हाशी एकरूप करून सूलिस मिनर्व्हा म्हटले आणि शेजारी स्नानगृह बांधले. मोठ्या कुंडाचा तळ शिशाच्या ४५ पत्र्यांनी मढविलेला आहे आणि आजही पाणी धरून आहे. मात्र वरची गच्ची आणि तिच्यावरील सम्राटांचे पुतळे एकोणिसाव्या शतकातले आहेत, हे छायाचित्र काढणाऱ्याने विसरू नये. झऱ्याच्या तळाशी शिशाच्या व शिसे-कथिलाच्या मिश्रणाच्या पातळ पत्र्यांवर लिहिलेली सुमारे १३० गाऱ्हाणी सापडली. आपला अंगरखा चोरीला गेला, चोर पुरुष असो वा स्त्री, गुलाम असो वा स्वतंत्र, देवीने त्याची झोप व आरोग्य हिरावून घ्यावे, असा त्यांचा सूर. शेजारच्या माणसावर विश्वास नसताना त्याच्याबरोबर नग्न होऊन स्नान करणे हीच नागरिकता, असे या पत्र्यांवरून वाटते. हे कुंड आज केवळ पाहण्यासाठी आहे. १९७८ साली येथील झऱ्याच्या पाण्यात पोहलेली एक मुलगी पाण्यातील अमीबामुळे झालेल्या मेंदूच्या संसर्गाने दगावली आणि स्नाने बंद झाली. नवी विंधणविहीर घेऊन, नव्या इमारतीत ती २००६ साली पुन्हा सुरू झाली.

रोमची स्नानगृहे थांबली ती पाण्यावाचून. ५३७ साली गॉथ राजा विटिगीस याने शहराला वेढा घातला आणि डोंगरांतून पाणी आणणारे कालवे तोडले. टायबर नदीपासून दूर व उंचावर असलेले काराकाल्लाचे स्नानगृह पुन्हा सुरू झाले नाही. पुढे त्याचा संगमरवर उचलला गेला. सोळाव्या शतकात सापडलेले हर्क्युलीसचा व बैलाचा हे दोन भव्य पुतळे आता नेपल्सच्या संग्रहालयात आहेत. पूर्वेकडे मात्र ही कला बुडाली नाही. जॉर्डनमधील कुसैर अम्रा येथे आठव्या शतकातील उमय्यांच्या स्नानगृहात पोकळ जमीन आणि तिच्याखालची भट्टी रोमन पद्धतीचीच आहे. तेथून हमाम पसरले, मोगलांबरोबर दिल्लीच्या लाल किल्ल्यात आले, आणि हमामखाना हा शब्द मराठीत रुळला.

प्रवाशाने शेवटी पाहावयाची जागा म्हणजे गटार. वेल्समधील कार्लियन येथे रोमन सैन्याचे स्नानगृह होते. त्याच्या सांडपाण्याच्या गाळात ८८ कोरीव रत्ने सापडली. उष्णतेने व वाफेने अंगठ्यांतील चिकटद्रव्य सैल झाले, खडे निसटले आणि पाण्याबरोबर वाहून गेले. ती तेथल्या संग्रहालयात आहेत, वाटाण्याएवढी, देवदेवतांच्या आकृती कोरलेली. त्याच गाळात कोंबडीची हाडे होती, आणि मुलांचे पडलेले दुधाचे दातही.