सत्याग्रहाला परवानगी कशाला?

मागच्या महिन्यात मुळशी तालुक्यातल्या एका वस्तीत तरुणांसोबत अर्ज लिहायला बसलो होतो. स्मशानभूमीच्या रस्त्याचा प्रश्न. गावनकाशात रस्ता आहे, जागेवर तारेचे कुंपण. एकाने शेवटी लिहिले, 'सत्याग्रह करण्यास परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.'

या शब्दाचा जन्म दक्षिण आफ्रिकेतला. मगनलाल गांधींनी 'सदाग्रह' सुचवला, मोहनदास गांधींनी १९०८ च्या सुमारास त्याचा 'सत्याग्रह' केला. मूळ संस्कृत. 'ग्रह्' म्हणजे धरणे, 'आग्रह' म्हणजे घट्ट धरून राहणे. हिंदीत 'आपसे आग्रह है' म्हटले की ती विनंती होते. मराठीत तसे नाही. पंगतीत आग्रह करणारा 'नको' ऐकतो का?

हा शब्द आपल्या तालुक्यात १६ एप्रिल १९२१ रोजी आला. टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांसोबत मावळे शेतकरी बांधकामाच्या जागेवरच जाऊन बसले आणि काम थांबवले. पुढे धरण झाले, गावे बुडाली.

ताम्हिणी उतरून कोकणात गेले की महाड फार लांब नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी प्याले, तेव्हाच्या सभेचे नाव 'कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद' होते. सार्वजनिक पाणवठे खुले करणारा मुंबई कायदेमंडळाचा ठराव १९२३ चाच. म्हणजे हक्क कागदावर होता, मागायचे काही उरले नव्हते. लोक गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर सवर्णांनी तळे 'शुद्ध' केले, आणि डिसेंबरात पुन्हा जमलेल्या परिषदेचे नावच 'सत्याग्रह परिषद' ठेवले गेले. तिथे २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली. कोर्टाच्या तात्पुरत्या मनाईमुळे त्या वेळी तळ्यावर जाणे थांबवले. उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागायला १९३७ उजाडले.

बैठकीत एका मुलीने विचारले, "दादा, बुद्ध तर धरून ठेवू नका म्हणतात. मग आग्रह कसा चालेल?" प्रश्न चांगला होता. पालीत 'दिट्ठुपादान' म्हणतात ते आपल्या मताला चिकटून बसणे. तहानलेल्याने पाणी पिणे हे मत नव्हे. मयत घेऊन जाणेही नव्हे.

शेवटचे वाक्य तिनेच खोडले. नवे असे: 'नकाशातील रस्त्याने आम्ही येत्या पौर्णिमेला सकाळी दहा वाजता चालत जाणार आहोत. कळावे.' खाली त्रेचाळीस सह्या आहेत, त्यातले नऊ अंगठे.