भोरचं तिकीट आणि माळ्यावरची पेटी

पुणे-सातारा रस्त्यावर कापूरहोळला उजवीकडे वळलं की भोर लागतं. सिनेमावाल्यांना हे गाव राजवाड्यामुळे ठाऊक आहे, गडावर जाणाऱ्यांना रोहिड्यामुळे. जगभरातल्या तिकीटसंग्राहकांना मात्र ते कॅटलॉगमुळे माहीत आहे. स्टॅन्ली गिबन्सच्या जाडजूड कॅटलॉगात भारतीय संस्थानांचा विभाग उघडला की भोपाळनंतर आणि बिजावरच्या आधी भोरची नोंद येते. भोपाळची पानंच्या पानं भरली आहेत, भोरचं काम जेमतेम तीन ओळींत आटोपतं. पण लंडनच्या किंवा न्यूयॉर्कच्या ज्या माणसाला तोरणा कुठे आहे हेही ठाऊक नाही, तोसुद्धा या तीन ओळींसाठी अल्बममध्ये जागा मोकळी ठेवतो.

भोर हे पंतसचिवांचं संस्थान. मूळ पुरुष शंकराजी नारायण, राजाराम महाराजांच्या काळातले सचिव. विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि सुधागड हे त्याचे तालुके. विचित्रगड म्हणजे रोहिडा, प्रचंडगड म्हणजे तोरणा. म्हणजे तोरणा ज्यात येतो तो वेल्हे तालुका या संस्थानाच्या पोटातच होता. क्षेत्रफळ सुमारे ९२५ चौरस मैल, त्यातला बराचसा डोंगर. शंकरराव चिमणाजी १८७१ साली गादीवर आले आणि त्यांच्याच कारकिर्दीत, १८७९ मध्ये, भोरने स्वतःची टपाल तिकिटं काढली: एक अर्ध्या आण्याचं, लंबगोल, आणि एक एक आण्याचं, चौकोनी. दोन्ही किरमिजी रंगाची. कारखान्यात छापलेली नव्हेत, तर हातकागदावर एकेक ठसा उमटवून केलेली. त्यामुळे कागद कुठे जाड, कुठे पातळ. शाई कुठे फासलेली, कुठे पुसट. मागे डिंक नाही, कडेला भोकं नाहीत. पत्र पाठवणाऱ्याने ती कात्रीने कापायची आणि खळीने डकवायची. तिसरं तिकीट १९०१ चं, अर्ध्या आण्याचं, त्यावर खुद्द शंकररावांची छबी. बस्स, भोरचा टपालसंसार एवढाच.

अशी तिकिटं संस्थानाच्या हद्दीपुरतीच चालत. पत्र पुण्याला किंवा मुंबईला जायचं तर त्यावर इंग्रज सरकारचंच तिकीट लागे. तेव्हा तिकिटं काढण्यामागे सोय किती आणि मान किती, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. शिंद्यांच्या ग्वाल्हेरने सरकारी तिकिटांवर आपलं नाव छापून घेतलं, होळकरांच्या इंदूरने आणि पवारांच्या धारने स्वतःची काढली. पण सह्याद्रीच्या कुशीतलं हे छोटं संस्थान इंदूर आणि धारच्याही आधी या पंगतीत बसलं. ८ मार्च १९४८ ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं.

आता पैशांकडे वळू, कारण वाडवडिलांचा तिकिटांचा संग्रह हाती आला की पहिला प्रश्न तोच असतो: किती येतील? भोरच्या तिकिटांपुरतं बोलायचं तर फार नाही. ती दीडशे वर्षांची होत आली असली तरी कोऱ्या प्रती आजही मिळतात आणि भारतीय संस्थानांच्या बाजारात त्या स्वस्तात मोडतात. वय आणि किंमत यांचं नातं लोक समजतात तितकं सरळ नाही. किंमत ठरते ती किती नग उरले, कोणत्या स्थितीत उरले आणि ते हवे असणारे किती, यावर.

पुण्यात, भोरात, साताऱ्यात १९५० ते १९८५ या काळात वाढलेल्या मुलांचे अल्बम उघडले तर बहुतेक एकसारखेच निघतात. सुरुवातीला भारत, मग 'परदेश'. परदेशात मग्यार पोस्टा म्हणजे हंगेरी, पोल्स्का म्हणजे पोलंड, मंगोलिया आणि अजमान, फुजैरा, उम्म अल कुवैन या आखाती अमिरातींची चकचकीत, प्राणी-फुलं-अंतराळवीरांची तिकिटं. जवळून पाहिलं की गंमत कळते. शिक्का अगदी कोपऱ्यात, नेटका, जणू पट्टीने मारलेला. आणि तिकीट उलटं केलं तर मागचा डिंक शाबूत! ही तिकिटं कधी टपालात गेलीच नाहीत. छापखान्यातून पत्रेच्या पत्रे निघाले, त्यांवर शिक्के मारले गेले आणि मुलांसाठी पाकिटं भरून जगभर विकली गेली. त्यांना तेव्हाही किंमत नव्हती, आज तर नाहीच.

भारताच्या पानांचंही फार वेगळं नाही. १७ एप्रिल १९६१ चं शिवाजी महाराजांचं १५ नव्या पैशांचं तिकीट, १९७४ चं राज्याभिषेकाच्या त्रिशताब्दीचं, १९८४ च्या किल्ल्यांच्या मालिकेतलं सिंहगडाचं तिकीट. मराठी मुलाच्या वहीत ही असायचीच. पण अशी तिकिटं लाखांनी छापली गेली आणि हजारोंनी जपली गेली. १९८० नंतरची कोरी तिकिटं तर व्यापारी अनेकदा छापील किमतीपेक्षाही कमी भावात घेतात. कॅटलॉगातला आकडा पाहून वारसदार हिशेब मांडतात. तो आकडा निर्दोष प्रतीच्या दुकानातल्या विक्रीचा असतो. विकायला गेलेल्याच्या हाती त्याचा लहानसा तुकडाच पडतो.

अपवाद आहेत, आणि ते माहीत असलेले बरे. १५ ऑगस्ट १९४८ ला गांधीजींची चार तिकिटं निघाली: दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. छपाई स्वित्झर्लंडची. दहा रुपये ही तेव्हा लहान रक्कम नव्हती, त्यामुळे ते तिकीट घरात असणं हेच विशेष. कोरं, मागचा डिंक न बिघडलेलं मिळालं तर आजही चांगली किंमत येते. मात्र त्याच्या नकलाही भरपूर आहेत. गव्हर्नर जनरलच्या कार्यालयासाठी या चार तिकिटांच्या काही प्रतींवर 'सर्व्हिस' असं छापून घेतलं होतं. त्यातल्या दहा रुपयांच्या अवघ्या १०० प्रती. त्यांपैकी चारची एक पट्टी २०१७ मध्ये पाच लाख पौंडांना विकली गेली. ही बातमी वर्तमानपत्रात आल्यावर किती माळे धुंडाळले गेले असतील, याचा अंदाज करता येतो.

खरं नुकसान वेगळ्याच ठिकाणी झालं आहे आणि ते या छंदानेच केलं. तिकीट कसं जमवायचं, हे मुलांना शिकवलं जायचं ते असं: पाकिटाचा कोपरा फाडा, वाटीभर पाण्यात टाका, तिकीट सुटलं की वर्तमानपत्रावर पालथं वाळवा आणि जाड पुस्तकात दाबून ठेवा. पाकीट चुलीत. हजारो घरांत सुट्टीच्या दिवसांत हा कार्यक्रम चालला. आज अभ्यासू संग्राहक ज्याच्यासाठी पैसे मोजतो, ते नेमकं चुलीत गेलं. पत्र कुठून निघालं, कोणत्या वाटेने गेलं, किती दिवसांत पोचलं, दर काय होता, हे सांगतात पाकिटावरचे शिक्के. भोरचं सुटं तिकीट मिळणं अवघड नाही. भोरच्या हद्दीत प्रत्यक्ष प्रवास केलेलं, शिक्क्यासह शाबूत पाकीट मिळणं फार अवघड. मुंबईचे जाल कूपर यांच्यासारख्या अभ्यासकांनी जुन्या टपाल शिक्क्यांवर ग्रंथ लिहिले. पण शाळकरी मुलांच्या वहीपर्यंत ती दृष्टी पोचली नाही.

जगातल्या सर्वांत प्रसिद्ध तिकिटाची गोष्टही घरातल्या जुन्या कागदांतूनच सुरू होते. ब्रिटिश गियानात १८७३ साली व्हर्नन व्हॉन या बारा वर्षांच्या मुलाला काकांच्या पत्रव्यवहारात १८५६ चं एक सेंटचं किरमिजी तिकीट सापडलं. त्याने ते सहा शिलिंगांना विकलं. २०१४ मध्ये लिलावात त्याला जवळपास ९५ लाख डॉलर आले, आणि २०२१ मध्ये ८३ लाख. सात वर्षांत ते बारा लाख डॉलरनी उतरलं, ही दुसरी बाजू कोणी फारशी सांगत नाही.

भोर आणि वेल्ह्याच्या जुन्या घरांत मात्र अजून काही असू शकतं. इथली माणसं पिढ्यानपिढ्या मुंबईत गिरण्यांत, गोदीत, माथाडी कामात राहिली. गावाकडे येत ती पत्रं आणि मनीऑर्डरी. ही पत्रं कोणी 'संग्रह' म्हणून ठेवली नाहीत, तारेला टोचून ठेवली. त्यांच्याच जोडीला जमिनीच्या कज्ज्यांची दप्तरं. संस्थानाची न्यायालयं होती, त्यांचे कोर्ट फी स्टँप आणि मुद्रांक कागद होते. संस्थानी मुद्रांकांचा आता स्वतंत्र अभ्यास होतो, त्यांचे स्वतंत्र कॅटलॉग आहेत. खातेफोड आणि वाटणीच्या वेळी मजकूर तेवढा वाचून बाजूला टाकलेला कागद काही वेळा अल्बममधल्या शंभर तिकिटांना भारी ठरतो. त्याचे शत्रूही घरातलेच: वेल्ह्याचा पाऊस, कसर, वाळवी, आणि घर नव्याने बांधताना होणारी साफसफाई.

छंद का ओसरला, याचं उत्तर शोधायला दूर जावं लागत नाही. पत्रंच थांबली. तार जुलै २०१३ मध्ये बंद झाली. २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्टही स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं. काउंटरवर तिकिटाऐवजी बारकोडची चिठ्ठी लागते. घरी येणाऱ्या टपालावर तिकीटच नसेल तर मुलाला त्याचं वेड लागणार कसं? टपाल खात्याने २०१७ मध्ये दीनदयाळ स्पर्श योजना आणली. सहावी ते नववीच्या तिकीटसंग्राहक मुलांना वर्षाला ६,००० रुपयांची शिष्यवृत्ती मिळते. योजना चांगली आहे, पण तिच्यातलं तिकीट येतं ते फिलाटेलिक खात्यातून, कोरं करकरीत. मामाच्या पत्रावरून आलेलं नव्हे. शिवाय हल्ली तिकिटं निघतात इतकी, की सगळी घेणं सामान्य घराच्या खिशाला परवडत नाही.

उरलेले संग्राहक आहेत ते बहुतेक साठीच्या पुढचे, आणि त्यांचा ओढा सुट्या तिकिटांपेक्षा पाकिटांकडे, गावोगावच्या शिक्क्यांकडे. त्यांच्यासाठी भोर आणि वेल्हे हा चांगला मुलूख आहे. १५ ऑगस्ट १९७२ ला श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखलेली पिन कोडची पद्धत सुरू झाली. भोरला ४१२२०६ मिळाला, वेल्ह्याला ४१२२१२. त्याआधीचे शिक्के वेगळे, नंतरचे वेगळे. आता वेल्हे तालुक्याचं नावही राजगड झालं आहे. 'वेल्हे' असा शिक्का असलेलं साधं आंतरदेशीय पत्रसुद्धा उद्या एखाद्या अभ्यासकाला हवं असेल.

तेव्हा घराच्या माळ्यावर अशा तिकिटांची, कागदांची पेटी निघाली तर काही गोष्टी कराव्यात. पाकिटावरचं तिकीट सोडवू नये. तारेला टोचलेली पत्रं ओढून काढू नयेत. तिकिटांना सेलोटेप लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच नको. विकायचंच असेल तर एकाच व्यापाऱ्याच्या शब्दावर व्यवहार करू नये. अल्बम, पाकिटं आणि कोर्टाचे कागद वेगवेगळ्या जाणकारांना दाखवावेत. विकायचं नसेल, तर संस्थानकाळातले कागद पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेला आधी दाखवावेत. आणि मग्यार पोस्टाची पानं शेजारच्या एखाद्या दहा वर्षांच्या मुलाला सरळ देऊन टाकावीत. त्यांचा तोच सर्वांत चांगला उपयोग आहे.