सर्पगंधेचे दोन निबंध : १९३१ आणि १९४९

संशोधकाची योग्यता मोजण्याचे एक नवे मान गेल्या काही दशकांत सर्वत्र रूढ झाले आहे. अमुक एकाचे निबंध किती, आणि त्या निबंधांचा उल्लेख इतर संशोधकांनी आपल्या लेखनात किती वेळा केला, यावरून पदे, अनुदाने व पुरस्कार यांचा विचार होतो. इंग्रजीत ज्याला ‘सायटेशन’ म्हणतात, त्याला आपण येथे संदर्भनिर्देश म्हणू. आयुर्वेद महाविद्यालयांतील अध्यापक व पदव्युत्तर विद्यार्थीही आता या मोजणीतून सुटलेले नाहीत. हे मान कितपत विश्वसनीय आहे याची परीक्षा करावयाची झाल्यास आपल्या नित्य परिचयाच्या सर्पगंधेइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. एकाच वनस्पतीवर, एकाच देशात, अठरा वर्षांच्या अंतराने दोन निबंध प्रसिद्ध झाले. दोहोंचा विषय बव्हंशी एकच होता. पहिल्याची दखल देशाबाहेर जवळजवळ कोणी घेतली नाही. दुसऱ्याने जगाच्या औषधिकोशात नवे पान उघडले.

पहिला निबंध १९३१ सालचा, ‘इंडियन मेडिकल वर्ल्ड’ या नियतकालिकातला. लेखक कलकत्त्याचे महामहोपाध्याय कविराज गणनाथ सेन आणि डॉ. कार्तिकचंद्र बोस. गणनाथ सेन हे नाव आपल्या वाचकांस ‘प्रत्यक्षशारीरम्’ या ग्रंथामुळे सुपरिचित आहे. संस्कृत शास्त्राध्ययनाबरोबर पाश्चात्त्य वैद्यकाचेही रीतसर शिक्षण घेतलेला हा विद्वान होता. बंगालमध्ये ‘चंद्र’ या नावाने व बिहारकडे ‘पागल की दवा’ म्हणून लोकव्यवहारात असलेली ही मुळी उन्माद व वाढलेला रक्तदाब या दोन्हींवर उपयुक्त ठरते, असे या निबंधाच्या शीर्षकातच म्हटले होते. मुळीचे चूर्ण वीस ते तीस ग्रेन, म्हणजे सुमारे सव्वा ते दोन ग्रॅम, दिवसातून दोन वेळा दिले असता झोप लागते, उग्र लक्षणे शमतात आणि रक्तदाबही उतरतो, असे त्यांचे निरीक्षण होते. पाश्चात्त्य वैद्यकात तोपर्यंत या दोन्ही व्याधींवर खात्रीलायक औषध नव्हते, हे ध्यानी घेतले म्हणजे या दोन ओळींचे मोल कळते.

त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी या मुळीतून पाच क्षाराभ वेगळे केले व हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ त्यांतील तिघांची नावे ‘अजमल’ या शब्दावरून ठेवली. १९३३ मध्ये कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रामनाथ चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राण्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. म्हणजे भारतात काम थांबले होते असे नाही. ते भारतीय नियतकालिकांत येत होते आणि बहुधा तेथेच राहत होते.

दुसरा निबंध मुंबईचा. किंग एडवर्ड मेमोरियल रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांवरील सर्पगंधेचा चिकित्सालयीन अनुभव मांडला. रुग्ण कसे निवडले, औषध देण्यापूर्वी रक्तदाब किती होता, औषध चालू असताना किती उतरला, औषध बंद केल्यावर त्याचे काय झाले, उपद्रव कोणते आढळले, या सर्वांची नोंद त्यात होती. बोस्टनमधील डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांच्या वाचनात हा निबंध आला. त्यांनी भारतातून औषध मागवून आपल्या रुग्णांवर वापरले आणि १९५२ मध्ये त्याचा अनुकूल अनुभव कळविला. त्याच १९५२ साली स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे सिबा कंपनीच्या म्यूलर, श्लिटलर व बाइन यांनी ‘रेसर्पिन’ हा क्षाराभ शुद्ध स्वरूपात मिळविला. पुढील घटना वेगाने घडल्या. १९५४ मध्ये नेथन क्लाइन यांनी न्यूयॉर्कमध्ये मनोविकारांतील वापर प्रसिद्ध केला. १९५६ मध्ये वुडवर्ड यांनी रेसर्पिनचे रासायनिक संश्लेषण साधले. १९५७ मध्ये वकील यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. त्याच वर्षीच्या मानकऱ्यांत क्लाइनही होते. १९५८ मध्ये भारत सरकारने वकील यांस पद्मभूषण दिले.

गणनाथ सेन हे यश पाहावयास हयात नव्हते.

येथे आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात एक परिचित तक्रार उभी राहील. कविराजांचे श्रेय लंडनच्या पत्रिकेत छापणाऱ्याने नेले, साहेबाच्या कानी पडेपर्यंत सत्य हे सत्य ठरत नाही, इत्यादी. या तक्रारीत तथ्यांश आहे. परंतु दोन्ही निबंध शेजारी ठेवून पाहिले तर ती अपुरी आहे, असे नम्रपणे सुचवावेसे वाटते. सेन-बोस यांनी निष्कर्ष सांगितला. वकील यांनी निष्कर्षापर्यंतची वाट दाखविली, आणि दुसऱ्या वैद्याला त्याच वाटेने जाऊन स्वतः पडताळा घेता येईल अशी दाखविली. विल्किन्स यांनी नेमके तेच केले. शिवाय, वकील यांनी पूर्वसूरींस विसरू दिले नाही. १९५५ मध्ये ‘सर्क्युलेशन’ या अमेरिकन नियतकालिकात सर्पगंधेवरील समग्र वाङ्मयाचा आढावा त्यांनी घेतला. भारतातील जुन्या कामाकडे पाश्चात्त्य वाचकांचे लक्ष वळविण्यात अशा आढाव्यांचा वाटा मोठा होता. आज मनोविकारचिकित्सेच्या इतिहासात १९३१ च्या निबंधाचा उल्लेख आवर्जून येतो. स्वतःच्या निबंधाला संदर्भ मिळविणे सर्वांनाच आवडते. दुसऱ्याच्या विस्मृत निबंधाला संदर्भ मिळवून देण्याचे कार्य मात्र कोणत्याही तक्त्यात मोजले जात नाही.

ही मोजणी होते कशी, तेही पाहिले पाहिजे. युजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये ‘सायन्स’मध्ये संदर्भसूचीची कल्पना मांडली व १९६४ मध्ये फिलाडेल्फियाहून ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ निघू लागला. निवडक नियतकालिके घ्यावयाची, त्यांतील प्रत्येक निबंधाच्या शेवटची संदर्भयादी उतरवावयाची, आणि कोणाचे नाव किती वेळा आले ते मोजावयाचे, अशी ही रीत. निवडीबाहेरच्या पत्रिकेत तुमचा उल्लेख शंभर वेळा झाला तरी या खात्यात जमा शून्य. कलकत्ता, मुंबई, लाहोर येथील वैद्यांनी तीस-चाळीसच्या दशकांत परस्परांच्या कामाचे जे उल्लेख केले असतील, त्यांचा हिशेब या वहीत सापडणे कठीण.

पुढे २००५ मध्ये हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने ‘एच-इंडेक्स’ सुचविला. ज्याचे दहा निबंध प्रत्येकी किमान दहा वेळा उल्लेखिले गेले त्याचा अंक दहा. सोपे व सोयीचे मान आहे. परंतु आयुष्यात एकच निबंध लिहिणाऱ्याचा अंक, त्या निबंधाने लक्षावधी रुग्ण वाचविले तरी, एकच राहणार! आणि ज्या निबंधाचा उल्लेख जगात सर्वाधिक वेळा झाला, तो कोणता? ‘नेचर’ने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गणनेत पहिला क्रमांक होता लाउरी व सहकाऱ्यांच्या १९५१ च्या निबंधाचा, तीन लक्षांहून अधिक उल्लेखांसह. त्यात कोणत्याही रोगाचा शोध नाही. द्रावणातील प्रथिनाचे प्रमाण कसे मोजावे एवढेच त्यात सांगितले आहे. प्रयोगशाळेत ज्याची रोज गरज लागते त्याचाच उल्लेख रोज होतो.

उल्लेख म्हणजे प्रशंसा, असेही समजू नये. १९७४ मध्ये ‘लॅन्सेट’च्या एकाच अंकात बोस्टन, ब्रिटन व फिनलंड येथील तीन निबंध आले. रेसर्पिन घेणाऱ्या स्त्रियांत स्तनकर्करोगाचे प्रमाण अधिक दिसते, असा त्यांचा सूर होता. त्यांची चर्चा जगभर झाली, औषधावरील विश्वास डळमळला. नंतरच्या अभ्यासांत हा संबंध सिद्ध झाला नाही. तुलनेसाठी घेतलेल्या गटातून विशिष्ट रुग्ण वगळल्याने हा आभास निर्माण झाला, असे हॉरविट्झ व फाइनस्टाइन यांनी १९८५ मध्ये दाखविले. चुकीच्या तुलनेचे उदाहरण म्हणून या प्रकरणाचा उल्लेख पुढेही होत राहिला. गणना करणाऱ्या यंत्राला हा भेद कळत नाही. रेसर्पिनने काही रुग्णांत विषण्णता येते हे निरीक्षण मात्र वेगळे. सर्पगंधा घनवटी देणाऱ्या वैद्याने ते नित्य स्मरणात ठेवावे.

याच्या उलट प्रकारही घडतो. शोध इतका सर्वमान्य होतो की मूळ लेखकाचे नाव घेण्याची कोणास गरजच वाटत नाही. १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्व्हिड कार्ल्सन यांनी रेसर्पिन देऊन निश्चेष्ट केलेल्या सशांना डोपा देताच ते पुन्हा हालचाल करू लागले. कंपवाताच्या आधुनिक चिकित्सेचा पाया या प्रयोगाने घातला आणि २००० साली कार्ल्सन यांना नोबेल मिळाले. हेच डोपा कपिकच्छूच्या बीजातून मद्रासच्या दामोदरन व रामस्वामी यांनी १९३७ मध्ये वेगळे केले होते. कंपवातावरचे आजचे निबंध चाळावेत. कार्ल्सन क्वचित, दामोदरन त्याहून क्वचित, आणि कलकत्त्याचे कविराज जवळजवळ नाहीतच. पण रक्तदाबावरील उपचाराने रुग्णांचे हित होते हे दाखविणाऱ्या अमेरिकेतील १९६७ च्या प्रसिद्ध अभ्यासात वापरलेल्या तीन औषधांपैकी एक रेसर्पिन होते. उल्लेख नसला तरी परिणाम होता.

आपल्या वर्तमान लेखनाविषयी एक-दोन व्यावहारिक गोष्टी. आयुर्वेदीय नियतकालिकांत येणाऱ्या अनेक रुग्णानुभवांत ‘सर्पगंधा दिली, लाभ झाला’ एवढेच वाचावयास मिळते. मूळ होते की मूलत्वचा, चूर्ण की घन, मात्रा किती, काल किती, रक्तदाब कोणत्या वेळी व किती वेळा मोजला, सोबत अन्य औषध चालू होते काय, यांपैकी काहीही नसते. असा लेख सद्भावनेने वाचणाराही आपल्या निबंधात उद्धृत करू शकत नाही. द्रव्याची ओळखही पक्की हवी. या वनस्पतीच्या अतिसंग्रहामुळे तिचा समावेश १९९० पासून साइटिस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि जे दुर्मीळ होते त्यात भेसळ होते, हे वैद्यांस सांगावयास नको.

नावाचाही घोळ आहे. सोळाव्या शतकातील ऑग्सबर्गचा वैद्य लेओनहार्ड राउवोल्फ याच्या नावावरून या प्रजातीस लॅटिन नाव मिळाले. वनस्पतिशास्त्रज्ञ ते ‘व्ही’ अक्षराने लिहितात, औषधिशास्त्रातील लेखक बहुधा ‘डब्ल्यू’ने. संगणकीय सूचीत एकच वर्णलेखन देऊन शोध घेतला तर दुसऱ्या वर्णलेखनाखालचे वाङ्मय निसटण्याचा संभव असतो. प्रबंधासाठी सर्पगंधेचे पूर्ववाङ्मय शोधणाऱ्या विद्यार्थ्याने दोन्ही लॅटिन रूपे आणि ‘सर्पगंधा’ हे रोमन लिपीतील नाव, असे तीन वेळा शोधावे. आणि १९५० पूर्वीच्या भारतीय पत्रिकांसाठी जुन्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या ग्रंथालयांतील बांधीव खंड स्वतः उघडून पाहावेत.